उजवीकडची चांदणी

"काढा, पण तो तुकडा मला परत द्या हं डॉक्टर, कचऱ्यात नका टाकू," असं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि मी सवयीनं आधी दाताकडे पाहिलं, माणसाकडे नंतर. वरचा दात, मधल्याच्या शेजारचा, सोन्याच्या पत्र्यानं मढवलेला, आणि पत्र्यात मधोमध कापलेली पाच टोकांची चांदणी, तिच्यातून खालचा पांढरा दात दिसतोय. डोंगरातलं काम. इथे ग्वातेमाला शहरात, आमच्या काचेच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर, असली चांदणी वर्षाकाठी एखादी येते, आणि येते ती उतरवून घ्यायलाच. येसेनिया ब्रितो नाव, वय एकोणतीस, विमानतळाजवळच्या हॉटेलात रिसेप्शनवर नुकतीच लागलेली. मॅनेजरनं सांगितलं होतं, पाहुण्यांना बरं दिसत नाही. "पंधराव्या वर्षी हट्ट करून बसवली होती," ती म्हणाली, "आजोबांसारखी पाहिजे म्हणून. त्यांची इथे होती बघा," आणि तिनं आपल्या ओठाला बोट लावलं, उजवीकडे. मी हातमोजे चढवत होते, नुसती मान हलवली. मग तिनं फोन काढून फोटोच दाखवला. मक्याच्या कणसांच्या ढिगापुढे बसलेला एक म्हातारा, तोंडभर हसतोय, आणि चांदणी त्याच्या डाव्या दातावर. मी म्हटलं, "ही तर डावीकडे आहे." "तेच म्हणतेय ना मी," ती म्हणाली, "इथे," आणि पुन्हा उजव्याच ओठाला बोट लावलं. आजोबा समोर बसले की तिला चांदणी जिथे दिसायची तिथे. आरशात दिसावं तसं. एवढंच झालं. मी ट्रेमधलं अवजार उचलायला गेले आणि भलतंच उचललं. ग्लेन्डा, माझी मदतनीस, चमकून माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत माझा हात कधी चुकलेला तिनं पाहिला नव्हता, कारण तो चुकत नाही, त्याच हाताची तर मी खाते.

सोनं मी काढलं. खालचा दात चांगला निघाला, घासून चकाकवला, तुकडा कापसात गुंडाळून तिला दिला. ती आरशात हसून बघत होती, जरा हिरमुसली होती. मी मात्र सतरा वर्षांपूर्वीच्या एका शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसले होते. इशिल लोकांचा मुलूख, वरचं एक गाव, सकाळचं धुकं अजून पायरीवर होतं. मी सव्वीस वर्षांची, खड्ड्यांत पुरलेल्यांची हाडं ओळखून घरी पोचवणाऱ्या संस्थेत नोकरीला, अंगात दोन स्वेटर, पुढ्यात लहान मुलांचं बाक आणि त्यावर माझे तक्ते. समोर कातारीना सेतो. वय विचारलं तर तिनं खांदे उडवले. मी साठ लिहिलं. लाल लुगडं, अनवाणी पाय, मांडीवर हात. तिचा मुलगा हासिन्तो ब्याऐंशी साली गेला, सैन्यानं गाव जाळलं त्या दिवशी, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. शाळेमागच्या खड्ड्यातून आम्ही अकरा जण काढले होते, सगळे पुरुष, आणि आता एकेका खोक्याला नाव शोधायचं होतं. शाळेचे मास्तर दुभाषी. मी विचारायची, मास्तर वळवून सांगायचे, ती उत्तर द्यायची, मास्तर वळवून मला सांगायचे. उंची? दाराच्या चौकटीला डोकं लागायचं. हाड कधी मोडलं होतं? नाही. दात? इथे मात्र मास्तरांना बोलावंच लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी आलं, तिनं आपल्या ओठाला बोट लावलं, उजवीकडे, आणि दुसऱ्या हातानं हवेत चांदणी काढून दाखवली. जत्रेत दात मढवणारा फिरता कारागीर यायचा, गावातल्या दोन-चार पोरांनी एकाच दिवशी बसवून घेतल्या होत्या. बोटाला कशाला दुभाषी, असं मला वाटलं होतं. अगदी याच शब्दांत वाटलं होतं, कारण मला तेव्हा स्वतःचे विचार आवडायचे. मी लिहिलं: वरचा उजवा, मधल्याच्या शेजारचा. आमच्या विद्येत उजवा म्हणजे ज्याचं तोंड त्याचा उजवा, बघणाऱ्याचा नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला ते शिकवतात. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. "म्हणजे त्याच्या उजव्या हाताकडे का?" एवढा एक प्रश्न. अर्धं मिनिट लागलं असतं. खोक्यांत चांदण्या दोनच होत्या, एक उजवीकडची, एक डावीकडची, दोघं एकाच वयाचे, एकाच उंचीचे, दोघंही जळलेले. मी उजवीकडचा तिला दिला.

मी चुकत नसे, ही त्यातली खरी अडचण. संस्थेचे मुख्य, डॉन इव्हारिस्तो, नव्या लोकांना सांगायचे, ती नोएमी सिफुएन्तेस बसलीय ना, तिला एक दाढ द्या, ती तुम्हाला माणूस काय खायचा, कुठल्या कुशीवर झोपायचा आणि कोणावर चिडायचा ते सांगेल. त्यात अर्धी थट्टा होती, पण अर्धीच. माझ्या तक्त्याखाली माझी सही असली की दुसरं कोणी तो तपासत नसे. मला त्याचा इतका अभिमान होता की सांगायला लाज वाटते. पण अभिमानानं गरम पाणी मिळत नाही. तीन वर्षं मी बादलीत डोकं बुडवून गार पाण्यानं केस धुतले, ओल्या मातीचा वास नखांतून जाईना, पगार कधी यायचा, कधी दोन-दोन महिने यायचा नाही, आणि केत्साल्तेनांगोला घरी गेले की आई म्हणायची, "शेजारणी विचारतात मुलगी काय करते, मी काय सांगू, हाडं धुते?" हे सगळं खरं आहे आणि हे कारण नव्हे. कारण एवढंच की मला छान राहायचं होतं. मला चांगले बूट आवडतात, खिडकीतून डोंगर दिसावा पण तिथे जायला लागू नये असं वाटतं. याला दुसरं नाव द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, नाही सापडलं. सोडायचं ठरवलं त्या दिवशी डॉन इव्हारिस्तोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जिवंत माणसाचे दात बघायला या शहरात गल्लोगल्ली दुकानं आहेत," ते म्हणाले. "मेलेल्याचा दात वाचणारे अख्ख्या देशात चौघं. त्यातली पहिली तू. जा, ह्यूस्टनच्या बायकांचे दात पांढरे कर." मी म्हटलं, "मेलेल्यांना घाई नसते, डॉन इव्हारिस्तो. मला आहे." "त्यांना नसते," ते म्हणाले, "त्यांच्या आयांना असते." मी दार आपटलं नाही, हळूच लावलं, आणि जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की खालच्या दुकानातून मी एक आइस्क्रीम घेतलं आणि उभ्याउभ्या खाल्लं.

आणि मग माझ्याजवळ कातारीना होती. हे मी कधी कोणाला असं उघड सांगितलेलं नाही. लोक विचारतात, विशेषतः ज्यांना माझं पूर्वीचं काम माहीत आहे ते, की बाई, एवढी नजर, एवढे हात, आणि तुम्ही श्रीमंतांना हसू विकता, कसं वाटतं? तेव्हा मी कातारीनाची गोष्ट सांगते. पंचवीस-तीस खोकी आम्ही सगळ्यांनी मिळून घरी पोचवली, पण ते एक माझं एकटीचं होतं. दात मी वाचला, आई मी शोधली, पेटी उचलून चिखलातून वर नेताना एक कोपरा माझ्या खांद्यावर होता. ती छोटी लाकडी पेटी, खाली पसरलेली पाईनची हिरवी पानं, तिनं आणलेला नवा शर्ट, इस्त्रीच्या घड्यांसकट. मी तेव्हा रडले, तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलली. मास्तरांनी सांगितलं, ती म्हणतेय तू फार लहान आहेस. ही गोष्ट मी नवऱ्याला लग्नाआधी सांगितली. भूल उतरायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगितली. पदवी घेणारी मुलं आमच्याकडे दर वर्षी एक धर्ममाता निवडतात, तिनं भाषण करायचं असतं; दंतवैद्यकाच्या मुलांनी मला निवडलं तेव्हा एका मुलीनं उभं राहून विचारलं, "आम्ही उपयोगाचं काम करावं की पैशाचं?" मी कातारीनाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "आधी थोडी वर्षं लोकांची, मग आयुष्य तुमचं. दोन्ही करा, मनाला डाचत नाही." टाळ्या पडल्या. ती मुलगी मात्र बसली नाही, उभीच राहिली थोडा वेळ, जणू उत्तर अजून यायचं होतं. मला तिचा राग आला होता.

शिवाय दर वर्षी फोन यायचा. पहिल्या नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, जेव्हा अख्खा देश आपापल्या थडग्यांवर झेंडू घेऊन बसलेला असतो आणि मी घरी थंडगार फियाम्ब्रेची, सणाच्या त्या मांस-भाज्यांच्या कोशिंबिरीची, थाळी मांडत असते, तेव्हा अनोळखी नंबरावरून कातारीना. फोन शेजाऱ्याचा, मागे वाऱ्याचा आवाज. तिची स्पॅनिश तुटकी, माझी इशिल त्याहून तुटकी. ती म्हणायची, "डॉक्टरीण, मी इथे त्याच्याजवळ बसलेय. कॉफी दिली. तू विचारलंस म्हणून सांगितलं त्याला." मी म्हणायची, "बरं केलंत आजी." मग ती विचारायची, "तू येणार आहेस?" आणि मी म्हणायची, "येईन हं, पुढच्या वर्षी नक्की." फोन ठेवला की घरातलं सगळं जरा उजळ वाटायचं. मी मुलांना सांगायची, कातारीनाआजीचा फोन होता, आभार मानायला करते बिचारी, इतकी वर्षं झाली तरी विसरत नाही.

येसेनिया गेली आणि दुपारी ह्यूस्टनची बाई आली, स्वस्तात दात करून घ्यायला अमेरिकेहून येतात त्यांतली. तिचे वरचे दहा दात एकदम करायचे होते. ती तोंड उघडून पडली होती आणि मला तिच्या ओठांमागे सगळं दिसत होतं. ते मला नेहमीच दिसतं, माणूस हसला की त्याची कवटी मला दिसते, त्याला मी सरावलेय. पण आज ती कवटी माझ्याकडे बघत होती. मला आधी राग आला. लाज नंतर आली, आधी चक्क राग, त्या म्हातारीचा, की बाई, मुलगा तुझा, बाजू तुला नीट दाखवता येऊ नये? मग मास्तरांचा. मग त्या येसेनियाचा, की शहरात एवढे दंतवैद्य असताना माझ्याच खुर्चीत कशाला बसलीस. मग वाटलं, कशावरून? एका पोरीनं ओठाला उलटं बोट लावलं म्हणून कातारीनानंही तसंच लावलं असेल कशावरून? आणि ते वाटत असतानाच मला तिचा हात दिसत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्याच्या वर, समोर, कोणाकडे तरी बघत होती आणि त्याच्या तोंडात जिथे चांदणी दिसत होती तिथे तिनं आपलं बोट नेलं होतं. तो तिच्यासमोर उभा होता. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. मला लिहायची घाई होती. "डॉक्टर," ग्लेन्डा हळूच म्हणाली, "तुम्ही दोनदा तोच दात मोजताय."

संध्याकाळपर्यंत थांबले असते तर फोन केलाच नसता, म्हणून बाईला मापं सुकेपर्यंत बसवून मी गच्चीच्या जिन्यात गेले आणि मार्सेलिनोला लावला. आम्ही एकाच दिवशी संस्थेत लागलो होतो, तो आणि मी. मी निघाले, तो राहिला. आता डॉन इव्हारिस्तोंच्या खुर्चीत तो बसतो. दर डिसेंबरला मी संस्थेला देणगी पाठवते, तेवढ्यापुरतं आमचं बोलणं.

"बोला राणीसरकार," तो म्हणाला. "डिसेंबर तर लांब आहे अजून."

"शाळेमागचा खड्डा. नऊ नंबरचं खोकं. आहे ना अजून?"

"जाणार कुठे? त्याला काय पाय फुटलेत?"

"दात बघ त्याचे."

"जेवतोय गं मी. शेंगांचा रस्सा आहे, निवेल."

"मार्सेलिनो, आत्ता बघ."

माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण तो उठला. मला त्याची पावलं ऐकू आली, कुलूप, लोखंडी फळ्यांची ती खोली, तिथे आवाज नेहमी जरा मागून येतो, मग खोक्याचं झाकण. मला त्या झाकणाचा आवाज इतका ओळखीचा होता की माझ्या नाकात माती आली. "वरचा," तो म्हणाला. "मधल्याच्या शेजारचा. चांदणी. त्याच्या डावीकडे. तूच लिहिलंयस की तक्त्यात." मग मी त्याला सांगितलं. बोट, आरसा, सगळं. तो म्हणाला, "नाही. तुझं चुकायचं नाही."

"चुकलंय."

"अगं मी ती फाईल कितीदा हातात घेतली. पुढे नातं सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आल्या तेव्हाही घेतली. या जळक्या हाडांतून काही निघालं नाही आणि ते दुसरं तर केव्हाच पुरलेलं. खाली तुझी सही होती. बंद करून ठेवली." खोक्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. "एक बाई येते दर वर्षी. हुआना मातोम. भावाचा फोटो घेऊन येते, गास्पार त्याचं नाव, जत्रेतला फोटो आहे, चांदणी त्याच्या उजवीकडे, स्वच्छ दिसते. मी तिला दर वर्षी सांगतो, बाई, उजवीकडची एकच निघाली, ती त्याच्या आईनं नेली, तुमचा दुसऱ्या कुठल्या खड्ड्यात असेल. ती म्हणते, पुन्हा बघा ना. मी म्हणतो, बघतो."

मी जिन्यात खाली बसले. पांढरा कोट होता अंगात, बसले तशीच.

"तू राहिली असतीस तर," तो म्हणाला.

"तर काय? तर मी चुकले नसते? मी तिथे असतानाच चुकले ना?"

"तर तुझ्या चुका तूच धरल्या असत्यास. आम्हाला तेवढी नजर नाही, नोए. आम्ही आपले राहिलो, एवढंच."

तो टोमणा नव्हता. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्याच्याशी वाद घालत आलेय. त्याला म्हणत आलेय की माणसानं जिथे राहावंसं वाटतं तिथे राहावं, हुशारी ही काही गावची विहीर नव्हे की ज्यानं त्यानं येऊन हक्कानं बादली सोडावी. त्यावर तो मनातल्या मनात नेहमी हरायचा. आता त्यानं वादच घातला नाही. नुसता म्हणाला, "मी जाऊन सांगतो म्हातारीला. माझं कामच आहे ते. किंवा नाही सांगितलं तर? थकलीय ती. निदान एक थडगं आहे तिला." मला ते इतकं हवंसं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. सांगायचं म्हणजे तिचा मुलगा तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घ्यायचा. नाही सांगायचं म्हणजे हुआना पुढच्या वर्षीही फोटो घेऊन येणार आणि नऊ नंबर फळीवर. आणि या दोन्हींच्या खाली, सगळ्यांत खाली, मला स्वतःची भीती वाटत होती. ती गोष्ट गेली की मी काय सांगणार लोकांना? स्वतःला काय सांगणार? "हुआनाला नाहीये थडगं," मी म्हटलं. "मीच जाते."

शनिवारी पहाटे निघाले. नवऱ्याला म्हटलं, एका पेशंटला बघायला चाललेय. तो म्हणाला, शनिवारी? पण पुढे विचारलं नाही. सगळा घाट मी मनात वाक्यं जुळवत होते, स्पॅनिश सोपी करत होते, आजी, माझी एक चूक झाली, आजी, मी तेव्हा लहान होते. हे शेवटचं मी तीनदा जुळवलं आणि तीनदा खोडलं. गाडी मोठी, रस्ता अरुंद, वळणावर कोंबड्या. वाटत होतं की आपण उलट जातोय, तीच पेटी परत आणायला. तोच चिखल, तीच पावलं, पण खांद्यावर काही नाही. शाळेला आता निळा रंग दिला होता, मागे खड्डा होता तिथे पोरांनी फुटबॉलचे दोन खांब रोवले होते. मी गाडी तिथेच ठेवली आणि चालत वर गेले. माझे बूट चांगले होते, ते पहिल्या दहा पावलांत गेले.

कातारीना अंगणात मक्याचे दाणे सोलत होती. लहान झाली होती, नुसती हाडं आणि लाल लुगडं. तिनं मान वर केली, मला नीट पाहिलं, आणि म्हणाली, "आलीस." आश्चर्य नाही, काही नाही, सकाळी निरोप पाठवलेला असावा तसं. आत नेलं. चुलीजवळ बसवलं, एक बुटकं स्टूल मला दिलं, कॉफी ओतली, गुळमट, पातळ. मुलं किती, विचारलं. दोन, म्हटलं. दात चांगले आहेत का त्यांचे, विचारलं. मी हो म्हटलं आणि मला रडू यायला लागलं. मग मी जुळवलेलं सगळं विसरले आणि सरळच बोलले.

"आजी, तुमच्याकडे आहे तो हासिन्तो नाही."

ती चुलीतलं लाकूड आत सरकवत होती. "नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, माझी स्पॅनिश तिला कळली नाही. मी पुन्हा सांगितलं, हळू, हातवारे करून. तिनं माझा हात धरून खाली ठेवला. "कळलं गं. बहिरी नाही झाले अजून. नवा शर्ट घालायला मी पेटीत वाकले ना, तेव्हाच पाहिलं. माझा हसला की चांदणी इकडे दिसायची." तिनं बोट लावलं, उजवीकडे. "त्याची तिकडे होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाशी बोलू? तू तिथे रडत होतीस. किती खुशीत होतीस तू. गाव जमलेलं, खड्डा खणून झालेला, जेवण शिजलेलं. आणि तोही कोणाचा तरी होताच ना. नको म्हटलं असतं तर पुन्हा खोक्यात घातला असतात. म्हटलं, राहू दे माझ्याकडे. तू म्हणालीस पुढच्या वर्षी येते. म्हटलं, आली की निवांत सांगू."

"म्हणून फोन करत होता?"

"मग कशाला?"

"मला वाटलं, आभार मानायला."

"आभाराला सतरा फोन लागतात?" ती म्हणाली आणि हसली, खरंच हसली, तिच्या तोंडात दात तीनच उरले होते. दर वर्षी ती मला बोलावत होती आणि मी दर वर्षी तिला माफ केल्यासारखी, मोठ्या मनानं, येईन म्हणत होते. मला वाटलं आता ती चिडेल, मला बरं वाटेल. पण ती चिडली नाही. ती स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ आली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सतरा वर्षांपूर्वी व्हरांड्यात पाहिलं होतं, हवेत चांदणी काढताना. "मग मी म्हटलं," ती म्हणाली, "याला मी बघते, तसं माझ्याला कोणीतरी बघत असेल. अदलाबदल झाली असेल. तिनंही ओळखलं असेल आणि माझ्यासारखीच गप्प बसली असेल, त्याला परत खोक्यात नको म्हणून. म्हणून मी याचं काही कमी केलं नाही. सणाला याला दोन घास जास्तच वाढते. म्हटलं, मी इथे वाढते तसं ती तिथे माझ्याला वाढेल. आता तू आलीयेस तर सांग. कोण आहे ती? कुठल्या गावची आहे?"

नाव माझ्या तोंडात तयार होतं. हुआना मातोम, खालच्या गावची, चांगली बाई आहे, फार छान ठेवलंय तिनं त्याला. मार्सेलिनो सांभाळून घेईल, दोन पेट्यांची अदलाबदल गुपचूप करता येईल, म्हातारीला कळायचंही नाही. मला हे सगळं एका क्षणात दिसलं, सुबक, चकचकीत, माझ्या बाकीच्या कामासारखं. आणि मला त्याची किळस आली.

"कोणी नाही, आजी," मी म्हटलं. "तो आमच्याकडेच आहे. खोक्यात. फळीवर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तेव्हापासून?"

"हो."

"कोणी नाही बसलं त्याच्याजवळ?"

"नाही."

बाहेर कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. तिचे ओठ हलत होते, काहीतरी मोजावं तसे. मग तिनं विचारलं, अगदी हळू, जणू हे एक तरी मी नाही म्हणणार नाही अशा आशेनं:

"सणाला पण नाही?"

"सणाला सुट्टी असते, आजी," मी म्हटलं. "कुलूप असतं."